करवतीची दुसरी मूठ

मोठ्या करवतीला दोन मुठी असतात. वरची मूठ धरणारा ओंडक्यावर उभा राहून रेघ सांभाळतो. खालची मूठ धरणारा खड्ड्यात उभा राहून ओढतो आणि भुसा खातो. थोरला वर, धाकटा खाली, अशी दोघा भावांची जोडी पंधरा वर्षं चालली. यंत्राच्या करवतीखाली न मावणारे जाड ओंडके लांबलांबचे सुतार त्यांच्या खड्ड्यावर आणून टाकत. थोरल्याने दोरी ताणून रेघ मारली की रेघ आणि चीर यांच्यामध्ये नखसुद्धा शिरायचं नाही, असं वखारवाला सांगायचा; आणि वखारवाला फुकट कौतुक करणारा माणूस नव्हता.

बिघाड पहिल्यांदा धाकट्याला कळला. डोळ्यांना नाही, हातांना. करवत वर जाता जाता मध्येच एक हिसका बसायचा, झोपेत पाय उडावा तसा.

"दादा, झोप झाली नाही का?" तो खड्ड्यातून विचारायचा.

"तू ओढ. तोंड उघडलंस की भुसा जाईल."

पुढे तो हिसका फळ्यांवर दिसायला लागला. एके सकाळी वखारवाल्याने एक फळी डोळ्यांपुढे आडवी धरली, एक डोळा मिटला आणि हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही फळी आहे का नदी? लाटा आल्यात हिला." हमाल हसले. थोरल्याचा खांदा आपोआप उडाला आणि मान एका बाजूला गेली. "सकाळी सकाळीच लावून येतोस वाटतं," वखारवाला म्हणाला.

थोरल्याची बायको डबा घेऊन वखारीच्या दारात पोचली होती. घरात आणि बाहेर तिला सगळे थोरलीच म्हणत. ती म्हणाली, "त्यांनी जन्मात थेंब घेतलेला नाही."

"तसं असेल तर जास्तच वाईट," वखारवाला म्हणाला आणि फळी सोडून दिली. फळी जमिनीवर वाजली.

त्याचं म्हणणं खरं निघालं. दोघा भावांचा बापही असाच हलत हलत गेला होता. शेवटची दोन वर्षं तो खाटेवरून खाली पडू नये म्हणून त्याला चादरीने बांधून ठेवत. तेव्हा लोकांनी कुणी बाहेरची बाधा म्हटलं, कुणी दारू म्हटलं, आणि तो मेल्यावर कुणीच काही म्हटलं नाही.

थोरल्याला वर उभं करणं धोक्याचं झालं, तेव्हा धाकटा ओंडक्यावर चढला आणि खालच्या मुठीला माणूस उरला नाही. पगारी माणूस ठेवावा इतकं काम येत नव्हतं. एक दिवस थोरलीने नवऱ्याची जुनी विजार चढवली, डोक्याला आणि नाकाला फडकं बांधलं, आणि शिडीने खड्ड्यात उतरली.

पहिल्या आठवड्यात तिच्या तळहाताची कातडी दोनदा निघाली. दंड इतके भरून यायचे की वेणी घालायला हात मागे जात नसे. तिच्या दोन मुलींपैकी मोठी तिची वेणी घाली. पापण्यांच्या कडांत भुसा साचून डोळे सतत रडल्यासारखे लाल. रस्त्याने जाणारे गाड्या थांबवून बघत. एक ट्रकवाला ओरडला, "काय हो, बाईला खड्ड्यात घातलंत?"

"तुम्हीपण या," धाकटा वरून म्हणाला, "जागा आहे अजून."

ती फडक्याखाली हसली. धाकटा दीर असा होता. भुशाने माखलेल्या माणसालाही हसवून सोडायचा. आणि त्याची रेघ सरळ होती, थोरल्याइतकीच. खालची मूठ हातात धरून तिला करवत कळायला लागली: वरचा माणूस थकला, वरच्या माणसाचं लक्ष उडालं, वरच्या माणसाला पाणी हवं आहे, हे सगळं त्या लोखंडातून तिच्या मनगटापर्यंत येई.

इस्पितळात आजाराचं नाव कळलं. हंटिंग्टनचा आजार. नाव जिभेवर बसत नव्हतं, म्हणून पुढे सगळे 'तो आजार' एवढंच म्हणत. इस्पितळाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी नर्सबाई अशा घरांतल्या माणसांना जमवत. थोरलीचं धरून बारा घरं होती. होडीवाला आणि त्याची बायको, एक शिंपी, एक पोस्टमन, त्याची बायको आणि म्हातारी आई, आणखी काही. थोरली पहिल्यांदा गेली ती दाराशीच उभी राहिली. आत सहा माणसं तिच्या नवऱ्यासारखीच हलत बसली होती आणि कुणीही कुणाकडे वळून बघत नव्हतं.

तिथे तिला बऱ्याच गोष्टी मिळाल्या. चमच्याच्या दांड्याला कापडाची जाड पट्टी गुंडाळायची. पाणी झाकणाच्या पेल्यातून द्यायचं आणि गिळताना हनुवटी खाली घ्यायला सांगायचं, म्हणजे ठसका लागत नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. उत्तर येतं, फक्त उशिरा येतं. माणूस चिडतो ते त्याचा मेंदू चिडवतो म्हणून, तुमच्यावरच्या रागाने नाही. थोरल्याने महिनाभरापूर्वी तिच्यावर ताट फेकलं होतं. तिने ते ऐकलं आणि पदराने नाक पुसलं.

"माझा नवरा लग्नात नाचायला पाय हलवेना," होडीवाली चहा ओतता ओतता म्हणाली. "आता बघा. थांबवून दाखवा." सगळे हसले, तिचा नवराही. थोरली दोन वर्षांत प्रथमच मोठ्याने हसली होती. तिला घरी जाववेना.

पुढल्या एका मंगळवारी नर्सबाईंनी फळ्यावर दोन गोल काढले आणि सांगितलं, आईबापांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी. मग त्यांना कुणीतरी वॉर्डात बोलावलं आणि त्या उठून गेल्या.

खोलीतली माणसं त्या दोन गोलांकडे बघत राहिली. शिंप्याने विचारलं, "निम्मी शक्यता म्हणजे? निम्मा आजार?"

"नाही हो," थोरली म्हणाली. आपण बोलायला उठलो आहोत हे तिला उठल्यावर कळलं. "असं बघा. ओंडका मधोमध चिरला की त्याचे दोन अर्धे होतात. एक अर्धा या बाजूला पडतो, एक त्या बाजूला. दोन्हीकडे कसा पडेल? आमच्या घरात दोन भाऊ. एकाच्या वाट्याला आलं. दुसरा सुटला."

खोलीभर एक सुस्कारा गेला. शिंप्याने मान डोलावली. पोस्टमनच्या आईने सुनेचा हात दाबला. नर्सबाई परत आल्या तर लोक आपापसात बोलत होते, कुणी गोंधळलेलं दिसत नव्हतं. "यांनी फार छान समजावलं," पोस्टमन म्हणाला. नर्सबाई खूश झाल्या. "तुमचं बोलणं लोकांना कळतं. नवीन घरं येतील त्यांच्याशी तुम्ही बोलत जा." त्यांनी तिला एक वही दिली आणि बाराही घरांचे पत्ते दिले. शाळेत पाचवीपर्यंत गेलेल्या बाईला अशी वही कुणी दिली नव्हती. ती घरोघर गेली. प्रत्येक घरी तिने ओंडका चिरून दाखवला.

आपल्या घरात तर तो आधीच चिरला होता. धाकट्याने ऐकलं तेव्हा तो घराच्या मागे जाऊन तोंड धुऊन आला. "दादाने माझ्या वाट्याचं घेतलं म्हणजे," तो म्हणाला. त्यानंतर थोरल्याला न्हाऊ घालायचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही. रक्त तपासायला मोठ्या शहरात जावं लागतं असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. सुटलेल्या माणसाने कशाला जायचं? चौतिसाव्या वर्षी तो लग्नाला उभा राहिला. मुलीच्या आईने आजाराचं विचारलंच. थोरली म्हणाली, "यांना यायचा नाही. मी शब्द देते." धाकटी सून घरात आली, तिला आता पाचवा महिना होता.

एक गोष्ट थोरलीने कुणाला सांगितली नव्हती. तिला दोन मुली होत्या, आणि तिच्या ओंडक्याप्रमाणे त्यांतली एक जाणार होती. कोणती, हे ती शोधत असे. मोठीच्या हातून पेला निसटला की तिला लहानीसाठी बरं वाटे. लहानी चालता चालता अडखळली की मोठीसाठी. मग ती उठून जिच्यासाठी बरं वाटलं नव्हतं तिला जवळ घेई, आणि तिला आपल्या हातांची शिसारी येई.

उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या एका मंगळवारी होडीवाली उशिरा आली. बसली नाही. सरळ थोरलीपुढे येऊन उभी राहिली.

"माझ्या धाकट्या मुलाचं वल्हं सुटतंय हातातून."

थोरली म्हणाली, "पण तुमच्या मोठ्याला आहे ना."

"आहे ना! मोठ्यालाही आहे आणि आता धाकट्यालाही आहे. तुझा ओंडका कुठे गेला, बाई? तू सांगितलंस म्हणून त्याचं लग्न लावलं मी. सांग की आता, हा कितवा अर्धा?"

नर्सबाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. सगळे गेल्यावर त्यांनी थोरलीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या हातात एक नाणं दिलं. "उडवा."

छापा पडला.

"पुन्हा."

छापा. मग काटा. मग ओळीने तीनदा छापा.

"मागच्या वेळी काय पडलं, हे नाण्याला माहीत नसतं," नर्सबाई म्हणाल्या. "प्रत्येक मुलासाठी ते नव्याने उडतं. दोन्ही मुलांना येऊ शकतो. दोघंही सुटू शकतात. एकाला आला म्हणून दुसऱ्याचं काही कमी होत नाही." त्यांनी नाणं परत घेतलं. "माझी चूक आहे. लोकांना कळलं एवढंच मी बघितलं. काय कळलं ते विचारलं नाही."

थोरलीच्या मनात आधी धाकटा आला नाही. आधी आल्या मुली. दोघीही सुटू शकतात. हे तिच्या छातीत इतक्या जोराने उघडलं की तिला टेबल धरावं लागलं. धाकटा त्याच्यानंतर आला, आणि आला तो गेला नाही.

"सगळीकडे जाऊन सांगायला हवं," नर्सबाई म्हणाल्या. "मी येते बरोबर."

"मीच सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "मीच जाते."

ती दिवसाचं काम संपवून, केसांतला भुसा तसाच ठेवून जायची. होडीवालीने दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाण्याचं आधी सांगायचं होतंस," आणि जाळं विणत राहिली. शिंप्याने मशीन थांबवलंच नाही, सुईखालून कापड सरकत राहिलं, तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ऐकलं, ऐकलं. बहिरा नाही मी." एका घरात एक तरुण मुलगी तिच्यासमोर खिदळायला लागली आणि थांबेना; तिला ती सुटलेली आहे असं थोरलीनेच सांगितलेलं होतं. पोस्टमनच्या आईने तिला पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तू आधी सांगितलंस ते बरं होतं ग. आमच्या घरात तेच राहू दे."

"खोटं आहे ते, आजी."

"असू दे. माझं आयुष्य किती राहिलंय."

मंगळवारी नर्सबाईंनी विचारलं, "झाली का सगळी?"

"अकरा झाली."

"बारा होती ना?"

"बारावं जवळच आहे," थोरली म्हणाली. "कधीही जाता येईल."

एक महिना गेला. संध्याकाळी धाकटी तिच्या शेजारी बसून झबली शिवायची. शिवता शिवता विचारायची, ताई, गळा मोठा झाला का? आणि थोरली म्हणायची, बाळाचं डोकं मोठं असतं, असू दे.

वळवाच्या वादळात इस्पितळाच्या आवारातलं जुनं झाड पडलं. नर्सबाईंनी खटपट करून ते लाकूड मंगळवारच्या खोलीसाठी मिळवलं. हलणाऱ्या माणसांखाली साध्या खुर्च्या उलटत, माणसं आपटत. सुतार आता पसरट पायांच्या, उंच पाठीच्या, रुंद हातांच्या खुर्च्या करणार होता. ओंडका खड्ड्यावर आला, तो दोघांच्या कवेत मावेना. ओलं लाकूड, चिरायला घेतलं की थांबायचं नाही, अर्धवट ठेवलं तर उन्हात तडकतं.

धाकट्याने सकाळी कानशीने घासून करवतीचे दाते लावले, दोरी काजळीत बुडवून रेघा मारल्या. थोरल्याला दारात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसवलं होतं. त्याचे हात हवेत काहीतरी विणत होते. पण डोळे रेघांवर होते.

"दादा, सरळ आहे?" धाकट्याने विचारलं आणि थांबला. बराच वेळ थांबला.

"आहे," थोरला म्हणाला.

दोन फळ्या निघाल्या. तिसरी निम्मी झाली असताना थोरलीच्या मनगटाला हिसका लागला.

लहानसा होता. तिने दुर्लक्ष केलं. दहाबारा ओढींनंतर पुन्हा. आपलाच दंड भरून आला असेल म्हणून तिने पकड ढिली केली, डोळे मिटून घेतले आणि हात नुसते मुठीवर ठेवले. हिसका वरून येत होता.

"थांबा," ती म्हणाली.

करवत लगेच थांबली. तो जणू या शब्दाची वाटच बघत होता.

"गाठ लागली बहुतेक," वरून आवाज आला.

तिने फडकं खाली केलं आणि चिरेच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं. लाकूड लोण्यासारखं साफ होतं. गाठ नव्हती. होती ती एक लाट, नखाएवढी, आणि थोडं मागे आणखी एक.

धाकटी झाकणाचा पेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन खड्ड्याच्या काठाशी आली. "काय झालं, ताई?"

"काही नाही, गाठ आहे," धाकटा बायकोला म्हणाला. मग खाली वाकून: "गाठच ना ग, वहिनी?"

खड्ड्यातून त्याचा चेहरा दिसत नव्हता, त्याच्यामागे ऊन होतं. त्याची पावलं दिसत होती. उजव्या पायाचा अंगठा सालीवर राहून राहून उचलला जात होता, माशी हाकलावी तसा. माशी नव्हती.

हो म्हटलं असतं तर पाणी पिऊन काम पुढे चाललं असतं.

"गाठ नाही, भाऊजी."

"मग दाते बोथट झाले असतील."

"सकाळीच लावलेत तुम्ही."

थोरलीने त्या पावलांकडे बघत सगळं सांगितलं. नाण्याचं, होडीवालीच्या दुसऱ्या मुलाचं, अकरा घरांचं. काय सांगितलं ते चूक होतं आणि बरोबर काय ते. हा हिसका म्हणजे आजारच असं मी म्हणत नाही, ती म्हणाली, रक्त तपासल्याशिवाय कुणीच म्हणू शकत नाही. दोन्ही वाक्यं खरी होती, आणि तिला स्वतःला ती वखारवाल्याच्या तोंडची, कोरडी वाटली.

"हे तुला कधी कळलं?" धाकट्याने विचारलं.

"महिना झाला."

"ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "माझ्या आईला तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"आणि महिनाभर माझ्या शेजारी बसून तुम्ही झबल्यांचे गळे बघत होतात."

"चुकले मी."

"चुकले म्हणजे?" धाकटा एकदम ओरडला. "फळी चुकली तर चुलीत घालता येते, वहिनी! मला काय करायचं? तिला काय करायचं? त्या पोटातल्याला?"

दारातून थोरल्याचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज. तो पाण्याकडे बघत होता.

धाकटीने पेल्यात पाणी ओतलं, झाकण लावलं आणि त्याच्याकडे गेली. त्याच्या मानेमागे हात दिला. "हनुवटी खाली घ्या, दादा," ती म्हणाली. तो प्यायला. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, तिने पदराने टिपलं. पेला रिकामा झाला तरी ती तिथेच वाकून त्याच्या तोंडाकडे, खांद्याकडे, हवेत विणणाऱ्या बोटांकडे बघत राहिली. ज्या घरात राहायला जायचं आहे ते घर माणूस आधी जाऊन बघतो, तशी.

ऊन ओंडक्यावर चढलं होतं. चिरेच्या तोंडाशी साल कुरकुरली.

"ओढ," धाकटा म्हणाला.

"भाऊजी, आज राहू दे."

"तडकेल ते. ओढ."

तिने फडकं नाकावर घेतलं आणि मूठ धरली. हिसके येत होते, ती ते मनगटात घेत होती आणि दुसऱ्या मनगटाने रेघ सावरत होती. असे तीन तास गेले. संध्याकाळी तिसरी फळी सुटून बाजूला पडली. ती शिडीने वर आली तेव्हा धाकटा फळीपाशी उकिडवा बसून लाटांवरून अंगठा फिरवत होता. एक, दोन, मग जवळजवळ आलेल्या तीन. वखारीत ही फळी कुणी घेतली नसती.

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि फळीवर लिहिलं, पाठ. अक्षर थोडं तिरकं आलं. त्याने ते तसंच ठेवलं.

"सुताराला सांग," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "या खुर्चीची पाठ जरा रुंद धर. माझे खांदे दादापेक्षा मोठे आहेत."